हजेरी एसटीत, क्रेडिट कॉलेजात

पदवीच्या पहिल्या वर्षाशी जुळवून घ्यायचं म्हणजे वळसंगच्या पोरांना आधी अक्कलकोट-सोलापूर एसटीशी जुळवून घ्यावं लागतं. गाडी येते तीच स्वामींचं दर्शन घेऊन निघालेल्या भाविकांनी भरून. कंडक्टर मराठीत 'मागं सरका' म्हणतो, आजीबाई कानडीत त्याचा उद्धार करतात आणि पोरगं दारात एका पायावर पास दाखवतं. पहिला तास बुडतोच. 75 टक्के हजेरीची अट आहे; एसटीतली धरली तर शंभर भरेल.

सोलापूरला 2004 साली एकाच जिल्ह्यासाठी विद्यापीठ झालं, तेव्हा ते दारात आल्यासारखं वाटलं. दारातच आहे, फक्त केगावला, शहर ओलांडून पुणे रस्त्यावर.

वर नवं शैक्षणिक धोरण. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण अशी सत्राला 22 क्रेडिटं. कशाला काय म्हणतात हे सरांनाही यादी बघूनच सांगता येतं. त्यात भारतीय ज्ञान प्रणालीही आलीच. मूठभर माती दाबून ज्वारी पेरायची की थांबायचं हे सांगणारा बाप घरी बसलेला, आणि पोरगं भारतीय ज्ञान मोबाइलवरच्या पीडीएफमधून पाठ करतंय!

वर्ष सरेपर्यंत एक विद्या मात्र पक्की होते: खिडकी दिसली की आधी रांगेत उभं राहायचं, रांग कशाची ते नंतर विचारायचं. नोकरी शोधताना हीच कामी येणार. तिला तेवढं क्रेडिट नाही.