कुठलं पाव्हणं?

आमच्या आज्ज्याला माणसाआधी बैलाचं कुळ विचारायची खोड होती. कृष्णाकाठच्या आमच्या घरी पाहुणा टेकला, की ‘कुठलं पाव्हणं?’ आणि दावं धरून कुणी खोंड आणलं, की ‘कुणाच्या दावणीचं?’ दोन्ही उत्तरं तो सारख्याच गांभीर्यानं ऐके. लक्षात मात्र खोंडाचं राही.

तो मला आठवला टेक्सासातल्या किंग रँचवर. 1853 साली रिचर्ड किंग नावाच्या आगबोटीच्या कप्तानानं इथं जमीन घेतली. पाणी सोडून माणूस गवतात शिरला तो शिरलाच. पुढच्याच वर्षी दुष्काळानं पोळलेल्या एका मेक्सिकन खेड्यातली गुरं त्यानं विकत घेतली, आणि गुरांमागं गावही चालत आलं. त्या गुराख्यांची नातवंडं-पतवंडं इथंच राबत आली आणि मालकीही किंगच्याच वंशात राहिली. रान 8,25,000 एकर, गोव्याहून थोडंसंच लहान. आमच्या चार एकरांत बांधावरून दोन घरं तीन पिढ्या अबोल होती. इथं भांडायला शेजारी गाठायचा तरी कसा, ही माझी खरी शंका. विचारायची राहून गेली.

विलायती शॉर्टहॉर्न गाई इथल्या उन्हाला आणि गोचिडांना टेकीला आल्या, तेव्हा या घराण्यानं भारतीय रक्ताचे वशिंडवाले वळू आणले. त्या संकरातून 1920 साली एक तांबडंलाल, अवखळ खोंड जन्मलं. त्याचं नाव पडलं ‘मंकी’. सांता गर्ट्रूडिस ही जात त्याच्यापासून चालली, आणि 1940 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. वंशावळ माकडापर्यंत इतकी चोख नेऊन भिडवणं डार्विनलाही जमलं नव्हतं. पण खरी गंमत वशिंडाची. भारतीय वंशाच्या गुरांची अमेरिकेत 1924 साली संघटना निघाली, आणि जातीला नाव दिलं ‘ब्राह्मण’. मांसासाठी पोसायच्या गुरांचं असं बारसं करताना तिथं कुणाला हसू फुटलं नसावं. टेक्सासवाले तोंडभरून ‘ब्रॅमर’ म्हणतात, तेवढंच सोवळं सुटतं. या ब्राह्मणांत गीर आहे, कांकरेज आहे, ओंगोल आहे, आणि चिमूटभर आमची कृष्णाकाठची जातही आहे.

आमच्याकडे बैल जोखायचा तो ओढीवरून, इथं पाठीवरच्या मांसावरून. यावर नाक मुरडणं सोपं होतं. पण बेंदराला पुरणपोळी खाल्लेला म्हातारा बैलही आमच्या दावणीवरून एक दिवस बाजाराकडे जाई. त्या दिवशी आज्जा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दावं देई आणि स्वतः भर उन्हाळ्यात गोठ्याचं छप्पर शाकारत बसे, रस्त्याकडे पाठ करून. पुढं पेंड कालवताना हाताच्या सवयीनं एका घमेल्याची भर जास्तच पडे.

कुंपणापाशी एक तांबडा वळू आला. वशिंड म्हणावं असं नव्हतंच, मानेमागं नुसता उंचवटा. परमुलखात जन्मलेल्या मुलाच्या बोलण्यात एखादाच गावाकडचा हेल उरावा, तसा. वाटाड्या त्याच्या बापाचं, आज्ज्याचं नाव सांगत होता. मी मान डोलवत होतो. मग बस सुरू झाली, सगळे चढले, आणि आसपास कुणी नाही असं पाहून मी हळूच विचारलं, ‘कुठलं पाव्हणं?’

त्यानं कान हलवले. माशी असेल.