कुणाला सांगू नका

नानांना पत्ता विचारू नये. पत्ता ते अचूक सांगतात, पण पोचायला उशीर होतो. पाथर्डीला तहसील कचेरीत काम आहे म्हटलं, की नाना विचारतात, "किती वाजता निघणार?" आपण आठ म्हणतो. "मग काय उपयोग? साडेसहाला निघा. करंजी घाट उतरलात की डाव्या हाताला एक चिंच लागते. तिच्याखाली म्हातारी साडेआठपर्यंत वडे तळते, नंतर तिचा नातू बसतो. नातवाच्या हातचे खाऊ नका." तहसील कचेरी कुठं आहे ते तिथं गेल्यावर कुणीही सांगेल, असं शेवटी जाता जाता म्हणतात.

आमचा नगर जिल्हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके. गोव्यासारखी चार राज्यं आत ठेवली तरी वर जागा उरेल. २०२४ साली त्याचं नाव अहिल्यानगर झालं. नानांच्या तोंडी अजून 'नगर'च आहे, कारण तोंड बहुतेक वेळा भरलेलं असतं आणि त्यातून तीन अक्षरांपलीकडचा शब्द बाहेर येत नाही. एवढा मुलूख त्यांना पाठ आहे, पण त्यांच्या पद्धतीनं. राजूर म्हणजे पेढे, कोल्हार म्हणजे भेळ, श्रीगोंदा म्हणजे लिंबं, पारनेर म्हणजे थंडीतला वाटाणा. शिर्डी हे राहात्याच्या पेरूंनंतर लागणारं एक गाव.

हे ज्ञान नानांनी सरकारी खर्चानं मिळवलं. ते जिल्हा परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी होते. दर तीन-चार वर्षांनी तालुका बदलायचा, बाकीचे अधिकारी बदली रद्द करायला मुंबईच्या वाऱ्या करायचे, नाना मात्र ऑर्डर हातात पडायच्या आत नव्या तालुक्यातल्या आठवडे बाजारांची यादी मिळवायचे. शनिवारी शाळा सकाळची असते आणि काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारीच भरतो, या दोन गोष्टींतला संबंध शासनाच्या कधी लक्षात आला नाही. श्रीगोंदा तालुक्यात असताना त्या बाजूच्या शाळांची तपासणी नेहमी शनिवारीच निघायची. पुढं शाळांत खिचडी शिजू लागली आणि तिच्यासाठी चव नोंदवही आली. इतर अधिकारी त्यात 'चव योग्य' लिहून सही करायचे. नाना पान भरून लिहायचे. जिरं करपलंय, मूगडाळ आधी भिजवलेली नाही, आणि शेजारच्या वाडीवरच्या शाळेतल्या ताईंकडून फोडणी शिकून घ्यावी. एका गुरुजींना तर 'अध्यापन बरे, भात मोकळा' असा शेरा मिळाला होता. त्या गुरुजींनी तो अजून जपून ठेवलाय.

निवृत्तीनंतर खरी नोकरी सुरू झाली. स्कूटर, डोक्याला मफलर, डिकीत एक स्टीलचा डबा (रिकामा, कारण 'कुठं काय मिळेल सांगता येत नाही') आणि एक चपटी वही. हॉटेल निवडायची त्यांची परीक्षा एकच. दुपारी एकच्या सुमाराला गल्ल्यावर बघायचं. मालकाचा डबा घरून आला, की आपण उठायचं. "त्यालाच भरवसा नाही, मग आपण का ठेवावा राव?" मालक स्वतःच्याच कढईतलं खाताना दिसला तर नाना बसतात, आणि बसले की उठत नाहीत. नगरला पाहुणे येतात, बन्सी महाराजांची मिठाई नि रामप्रसादचा चिवडा घेऊन परत जातात. नानांचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. चांगलंच आहे ते. पण सगळ्यांनाच ठाऊक असलेल्या चांगल्या गोष्टीत त्यांना काडीचा रस नाही.

किराणा दुकानांत त्यांचा दबदबा हॉटेलांहून जास्त. दाळमंडईत शिरले की दुकानदार पुढचं पोतं झाकतो आणि पोराला आतलं आणायला पिटाळतो. शेंगोळ्यांसाठी हुलगे हवेत. नाना मूठभर घेतात, हुंगतात, एक दाताखाली धरतात.

"कुठले?"

"जामखेडचे, नाना."

"जामखेडचे म्हणजे खर्ड्याकडचे की नान्नजकडचे?"

एका शेठजींनी मला खासगीत सांगितलं, की ते सोमवारी खर्डा सांगतात आणि गुरुवारी नान्नज. पोतं एकच. नाना मात्र घरी आल्यावर दोन्हींतला फरक सांगतात, आणि सांगतात असा की ऐकणाऱ्यालाही तो जाणवायला लागतो. अकोले तालुक्यातल्या काळभाताचं वेड त्यांना फार आधीपासून. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री जाहीर झाली तेव्हा नानांचा ऊर भरून आला. दुसऱ्या मिनिटाला चेहरा उतरला. "आता पुणेवाले येणार. तांदूळ मिळायचा नाही."

इथं नानांचं सगळं दुखणं आहे. सापडलेली गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि सांगितली की ती हातची जाते. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे, सांगायचं सगळ्यांनाच, पण एकेकट्याला. माळीवाड्याच्या स्टँडवर, बँकेच्या रांगेत, एकदा तर सावडायच्या वेळी अमरधाममध्ये, नाना कोपर धरून माणसाला बाजूला घेतात. "सुप्याच्या अलीकडं आत एक वस्ती आहे. गुरुवारी मासवडी असते. सारणात खसखस आहे, रस्सा काळा. पण हे तुमच्यापाशीच ठेवा. कुणाला सांगू नका."

मलाही असंच बाजूला घेऊन सांगितलं होतं. गुरुवारी गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन बाकडी, आणि त्यांवर आमचे निवृत्त मुख्याध्यापक, कॉलनीतले डॉक्टर, पोस्टातले एक साहेब आणि नानांचे सख्खे व्याही. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. कुणी कुणाला ओळख दिली नाही. सगळे ताटात बघून जेवत होते, जणू एखाद्या गुप्त कटाची बैठक भरली होती. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. नाना दारात उभे राहिले, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि हताशपणे म्हणाले, "बिघडलं हे. आता इथं माणसं यायला लागली."

जागा बिघडण्याच्या पायऱ्या त्यांनी ठरवून ठेवल्यात. बोर्ड लागला की ताप आला समजायचं. बोर्डावर 'सुप्रसिद्ध' आलं की ऑक्सिजनवर. फरशी बदलली, भिंतीवर बांबूचं चित्र आलं आणि मेनूकार्डात 'गावरान तडका' छापलं, की नाना त्या जागेबद्दल भूतकाळात बोलायला लागतात. "चांगला होता हो हात त्याचा." तो माणूस समोर धडधाकट उभा असतो, आणि पूर्वीच्या तिप्पट कमावत असतो.

हेही सांगितलं पाहिजे, की अतिक्रमणवाल्यांनी एखाद्याचा गाडा उचलला तर नाना दोन-दोन दिवस गावभर हिंडून तो नवीन कुठं उभा राहिला ते शोधून काढतात आणि जुन्या गिऱ्हाइकांना घरोघर कळवतात. कुणाला सांगू नका, हे वाक्य त्या दिवसांत त्यांच्या तोंडून ऐकू येत नाही.

इतिहासाकडेही ते याच बाजूनं बघतात. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या बड्या पुढाऱ्यांना इंग्रजांनी नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी तिथं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, मौलाना आझादांनी पत्रं लिहिली आणि त्यांत चक्क चहावर लिहिलं. त्यांना चिनी चहा लागायचा, बिनदुधाचा. नाना हे ऐकून हळहळतात. ग्रंथाबद्दल त्यांना आदर आहे, पण किल्ल्यापासून माळीवाडा तो किती लांब! "अडीच वर्षांच्या वर बसली एवढी मोठी माणसं. भारताचा शोध लावला, पण नगरच्या आमटीचा लावता आला नाही. इंग्रजाला पाप लागणार नाही तर काय?"

नानांना त्यांच्या तोलाचा माणूस एकदाच भेटला, तोही सातासमुद्रापलीकडचा. ३१ जानेवारीला मेहेरबाबांची अमरतिथी असते. अरणगावजवळ मेहेराबादला तेव्हा जगभरचे बाबाप्रेमी येतात, आणि नेमका तोच हुरड्याचा हंगाम. एका वर्षी हवाई बेटांवरचा एक उंच, पांढऱ्या वेणीचा गृहस्थ नानांना रस्त्यात सापडला. 'जय बाबा' झालं, आणि नानांनी त्याला थेट एका मित्राच्या शेतावर नेऊन आगटीपाशी बसवला. गूळभेंडीची कणसं, लसणाची चटणी, दही, गोडी शेव. दुभाष्या मी. पाहुणा तळहातावर हुरडा चोळून घेत खाऊ लागला आणि थोड्या वेळानं स्वतःच्या मुलखाबद्दल सांगू लागला. तिकडं पेट्रोल पंपावरच्या दुकानात नि किराणा दुकानात मुसुबी मिळते. भाताची वडी, तिच्यावर डब्यातल्या डुकराच्या मटणाचा परतलेला काप आणि भोवती समुद्री शेवाळाची पट्टी. किराण्यातच एका काउंटरवर मसाला लावलेले कच्च्या माशाचे तुकडे वजनावर देतात. अळूचे कंद शिजवून, कुटून आंबट लापशी करतात. नाना माळकरी नाहीत, पण मटणाचा त्यांना उत्साह नाही. तरी वही निघाली. "त्याला विचारा, पंप हायवेवरचा की आतला?"

पाहुण्यानं प्रश्न ऐकला, इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला की खरी चांगली मुसुबी पंपावर मिळतच नाही, ती एका आडबाजूच्या दुकानात मिळते. पण हे फारसं कुणाला माहीत नाही, तेव्हा आपल्यातच राहू द्या. मी भाषांतर करायच्या आधीच नानांनी त्याला मिठी मारली होती.

काकू यातल्या कशातच नसतात. डिकीतला डबा भरून घरी आला की त्या तो उघडतात, एक घास चाखतात आणि झाकण लावतात. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी एकच अभिप्राय ऐकलाय. "सगळा जिल्हा धुंडाळला यांनी, पण घरात काय बरं शिजतं त्याचा शोध अजून लागायचाय." नाना त्यावर गप्प बसतात, आणि मग पिठल्यावर दुसऱ्यांदा हात मारतात. वहीत मात्र नोंद करत नाहीत.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. नानांना आधी ते काही विशेष वाटलं नाही. "प्रवरेला १९५० साली सहकारी साखर कारखाना निघाला. त्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाच्या रक्तात साखर नसेल तर मीठ असेल काय?" पण उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, मग पोटभर खाऊन दोन तासांनी पुन्हा, हे कळल्यावर मात्र ते चमकले. वैद्यकशास्त्रात इतकी रीतभात आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी शहरातल्या सगळ्या लॅब हिंडून बघितल्या. एक घराजवळ होती, ती नाकारली, शेजारी नुसतं झेरॉक्सचं दुकान. एक स्वस्त होती, पण समोर केकवाला. अखेर पार दुसऱ्या टोकाची एक पसंत पडली, कारण तिच्या खालीच एक जण सकाळी गरम पुरीभाजी देतो आणि आत, सांगितलं तरच, बासुंदी. काकूंनी सोबतीला म्हणून मला धाडलं. सुई टोचणाऱ्या मुलीलाही नानांनी बाजूला घेऊन बासुंदीचं सांगितलंच.

संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटीचा आकडा वाईट होता आणि जेवणानंतरचा डॉक्टरांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. नानांनी कागद हातात घेतला, आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"बघ. मला सकाळीच शंका आली होती. बासुंदीत साखर वाढवलीय त्यानं. बिघडला तो."