नानांचा लखोटा

महिन्याच्या २५ तारखेला, म्हणजे खिशात सगळ्यांत कमी पैसे असताना, नाना टेबलाशी येऊन उभे राहत. बोलत काही नसत. हातात जुना खाकी लखोटा असे, टपालातून आलेला, कडेने फाडून उलटा केलेला. कोऱ्या बाजूवर नाव, नावापुढे आकडा, आकड्यापुढे सही. आपण फाइलीतून मान वर केली नाही तर नाना पंख्याकडे बघत थांबत. असं थांबणं आवक-जावकच्या टेबलावर उभा जन्म काढलेल्या माणसालाच जमतं. शेवटी आपणच विचारायचं, "आता कोण चाललं?"

"कोण का असेना. पन्नास काढा."

आमच्या सरकारी कचेरीत कुणाला चांगलं म्हणायची पद्धत नव्हती. साहेब चुकून "काम बरं केलंत" म्हणाले, तर ऐकणारा बदलीच्या भीतीने दुपारचा डबा अर्धा टाकायचा. कौतुक करायचं ते वर्गणीतून, आणि वर्गणी म्हणजे नाना. दर त्यांनीच बांधलेले: शिपाई ३०, कारकून ५०, अधीक्षक १००, साहेब २००. नव्याने रुजू झालेल्याला अर्धा दर. एका साहेबांनी खुशीने पाचशेची नोट काढली, तर नानांनी तीनशे मोजून परत केले. "तुमच्यानंतरच्या साहेबांना जड जाईल."

फोनपे चालत नसे. "मग निरोपाला काय मेसेज वाचून दाखवू?"

बदलीला गुच्छ, पण शाल नाही, कारण बदलून गेलेला माणूस परत येऊ शकतो. बढतीला काहीच नाही. ज्याला बढती त्याने पेढे वाटायचे. निवृत्तीला मात्र शाल, श्रीफळ आणि पाकीट. नारळ नाना कानाशी हलवून घेत, ते सगळेच घेतात. शालीची परीक्षा त्यांची स्वतःची होती. दुकानात शाल उलगडायची, मानेच्या मागच्या बाजूला घासायची आणि डोळे मिटून मिनिटभर उभं राहायचं. दुकानदार मुकाट दुसरी काढायचा. "मे महिन्यात गळ्यात पडणार आहे ही," नाना म्हणत. "टोचली तर माणूस रडतोय की खाजवतोय, लोकांना कळत नाही."

मे हा त्यांचा सुगीचा महिना. ज्या पिढीची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवली नव्हती, तिला शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावून टाकली. नियम असा, की एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ५८ पूर्ण करणाऱ्यांची राज्यभर झुंबड उडते ती ३१ मेला. शाली महागतात, हार मिळत नाहीत, आणि एकाच साहेबांना तीन निरोपांत तेच भाषण करावं लागतं. या भाषणांत कालपर्यंत ज्याच्या नावाने खडे फोडले तो माणूस एकाएकी कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि हसतमुख होतो. आमचे एक लेखापाल उभ्या नोकरीत हसलेले कुणी पाहिले नव्हते. त्यांनाही हसतमुख म्हणून झालं.

मग नाना उठले. म्हणाले, "यांनी माझं पेन शंभरदा नेलं असेल. प्रत्येक वेळी परत आणून दिलं. टोपणासकट." आणि बसले. लेखापाल त्या दिवशी हसले. निदान आम्ही तरी त्याला हसणंच समजलो.

बशीतसुद्धा हिशेब. एक समोसा, चिमूटभर वेफर्स, एक पेढा. कुणाला साखर आहे हे नानांना त्याच्या बायकोच्या आधी कळलेलं असे. त्या बश्यांत पेढ्याऐवजी दुसरा समोसा. डॉक्टरांचं यावर काय मत पडलं असतं, तो विषय वेगळा.

एकदाच लखोटा कोरा फिरला. एका शिपायाची आई दवाखान्यात होती आणि बिल वाढत होतं. नाना आले, लखोट्याचं तोंड उघडं धरलं, मान दुसरीकडे वळवली. दर नाही, यादी नाही, सही नाही. किती जमले, ते आजवर कुणाला माहीत नाही. यादीसाठी जीव टाकणाऱ्या माणसाने यादी का केली नाही, हेही आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर आवक क्रमांक पडल्याशिवाय उत्तर मिळालं नसतं.

२०२५ मध्ये ३१ मे शनिवारी आला. २०२० पासून आठवडा पाच दिवसांचा, म्हणजे निरोप शुक्रवारी, ३० तारखेला. नानांनी जानेवारीतच कॅलेंडरवर गोल केला होता. लखोटे तीन निघाले. तिसऱ्यावर त्यांचंच नाव.

"नाना, हा तरी आम्हाला करू द्या," अधीक्षक मॅडम म्हणाल्या. नानांनी लखोटा दिला, पण रोज सकाळी हजेरीची सही करून मॅडमच्या टेबलाशी यायचे. "कुणाचे राहिले?"

समारंभात शाल खांद्यावर पडायच्या आधी त्यांनी तिचा काठ अंगठ्याने चोळून पाहिला. साहेबांनी हसतमुख म्हणून घेतलं. मग वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी उभी राहिली. "रुजू झाले तेव्हा चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नव्हतं," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी नाना आले आणि म्हणाले, पंचवीस काढा. यादीत माझं नाव त्यांनी आधीच लिहून आणलं होतं."

नाना मान खाजवायला लागले. मॅडमनी कुजबुजत विचारलं, "टोचतेय का हो?"

"बरी आहे," नाना म्हणाले, आणि सगळ्यांसमोर पाकीट उघडून नोटा मोजल्या. लखोटा मागवून यादीशी ताळा केला. "पन्नास कमी आहेत. अभिलेख कक्षातले भाऊ रजेवर आहेत, त्यांचे राहिले."

"घेऊ की नाना सोमवारी."

"सोमवारी मी कुठला असायला? आणि पैशाचं काही नाही हो, यादी अपुरी राहते." मग त्या मुलीला जवळ बोलावून त्यांनी खिशातला मोबाइल काढला. "ते फोनपे कसं घेतात, दाखव जरा."