दुर्लक्षित अल्बम शोधून काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

कोणाच्याही नजरेस न पडलेला जपानी इमो अल्बम शोधून काढणं हे वय उलटून गेल्यावर करायचं काम आहे. इमो हे विशीतल्या मुलांनी विशीतल्या मुलांसाठी केलेलं संगीत. ऐकून रडायचं असेल तर त्याच वयात ऐकावं. शोधून काढायचं असेल तर पस्तिशी ओलांडलेली बरी. पगार हातात असतो, आणि ‘हल्ली काय ऐकतोस?’ असं कोणी विचारेनासं झाल्यामुळे ते आपणहून सांगायची खुमखुमी पुरेशी मुरलेली असते.

थोडा पाया पक्का करून घ्यावा. इमोचा उगम वॉशिंग्टनचा. राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडचा १९८५ चा अल्बम हे त्याचं मूळपीठ मानतात, आणि खुद्द त्या बँडला हे नाव कधीच आवडलं नाही. पुढे चाळीस वर्षं हीच प्रथा चालत आली आहे: जो बँड ‘आम्ही इमो नाही’ असं वैतागून सांगतो तो खात्रीचा इमो. नंतर हे लोण इलिनॉयमध्ये गेलं. तिथल्या अमेरिकन फुटबॉल या बँडने १९९९ मध्ये एक अल्बम काढला, लगेच दुकान बंद केलं आणि २०१४ पर्यंत उघडलं नाही. अल्बमच्या मुखपृष्ठावर अर्बाना गावातलं एक साधं पांढरं घर आहे. लोक त्या घरासमोर फोटो काढायला जाऊ लागले आणि २०२३ मध्ये बँडने आणि त्यांच्या कंपनीने आणखी काहींना सोबत घेऊन ते घर चक्क विकत घेतलं. हे सगळं तुम्हाला माहीत असायला हवं, ते एवढ्याचसाठी की कोणी अमेरिकन फुटबॉलचं नाव काढलं की ‘हो, ते आहेच’ असं म्हणून खिडकीबाहेर बघता यावं.

आता जपान. नवशिके टोकियोपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. ‘नारुतो’ या कार्टून मालिकेतून एशियन कुंग-फू जनरेशन या बँडपर्यंत पोचायला काही लागत नाही, तुमचा पुतण्या ते सातवीत असतानाच करून बसलाय. तुम्ही साप्पोरो निवडा. होक्काइदो बेटावरचं हे शहर, १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकचं, वर्षाला सरासरी पाचेक मीटर बर्फ पडणारं. बर्फाचा उपयोग पुढे खूप होतो. गिटार बारीक वाजली की बर्फ, कर्कश वाजली की हिमवादळ, गायक मध्येच गप्प झाला की बर्फाखाली दबलेलं शहर. ईस्टर्न यूथ, काउपर्स, कीवीरोल ही सगळी साप्पोरोची मंडळी. यातले ईस्टर्न यूथ पुढे टोकियोला राहायला गेले, हे बर्फाच्या सिद्धांताला अडचणीचं आहे, तेव्हा त्यावर बोलू नये.

मी या मार्गदर्शनासाठी साप्पोरोच्याच ब्लडथर्स्टी बुचर्स या बँडचा ‘कोकोरोनो’ निवडला आहे. ऑक्टोबर १९९६ चा हा अल्बम. बँडच्या नावावरून वाटतं की गायक स्टेजवर बोकड कापत असणार. प्रत्यक्षात तीन माणसं, आणि गायक हिदेकी योशिमुरा अशा आर्जवाने ओरडतो की त्याला पाणी आणून द्यावंसं वाटतं. ताकेशी इमोरिया बास वाजवतो. साधारणपणे बासवाला खाली धरून ठेवायचं काम करतो. हा गृहस्थ वर चाली वाजवत बसतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा आपण गिटार समजून बासचं कौतुक करून जातो. खाली धरायचं काम मग मासाहिरो कोमात्सुच्या ड्रमवर येतं आणि तो ते घण घातल्यासारखं करतो.

ऐकण्याची जागा नीट ठरवावी. घरात शास्त्रीय संगीताची बैठक असलेलं कोणी वडीलधारं असेल तर हेडफोन अनिवार्य. योशिमुरा सुराच्या आसपास असतो, सुरावर क्वचित. ‘याचा षड्ज कुठाय रे?’ हा प्रश्न बाहेरच्या खोलीतून आला की त्याला उत्तर नसतं. ‘बाबा, त्याचं दुःख तिथेच आहे’ असं सांगून पाहायला हरकत नाही. पण बाबा भीमसेनांचं नाव घेतील आणि अल्बमचा उरलेला भाग वाया जाईल.

आता गाण्यांची नावं. एकूण अकरा गाणी आणि त्यांना महिन्यांची नावं: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, असं करत डिसेंबरपर्यंत. नावं चित्रलिपीत लिहिली तरी त्यांत आकडा आणि महिन्याचं चिन्ह याखेरीज काही नाही. हे गूढ शक्य तितकं जपावं. पुण्यात ते कठीण आहे. इथे सिंहगड रस्त्यावर जपानच्या ओकायामातल्या बागेच्या नमुन्यावर बांधलेली बाग आहे, पेठापेठांतून जपानी शिकवतात, आणि सात म्हणजे जुलै एवढं पहिल्या महिन्यातच शिकवून होतं. तुम्ही अल्बम हातात धरून निर्वाणीच्या आवाजात काही सांगत असता आणि भाची मान तिरकी करून म्हणते, ‘मामा, हे तर नुसते महिनेच आहेत की.’ अशा वेळी ‘नुसते?’ एवढंच विचारावं आणि उठून चहा ठेवावा.

जुलै हे गाणं सगळ्यात प्रसिद्ध, म्हणून तुमचं आवडतं असता कामा नये. अडचण अशी की ते खरोखर सगळ्यात चांगलं आहे. शांतपणे सुरू होतं, मग गिटार इतकी फुगत जाते की शब्द कुठे संपले आणि नुसता आवाज कुठे सुरू झाला ते समजत नाही, आणि तरी चाल सुटत नाही. मी स्वतः सार्वजनिक ठिकाणी सप्टेंबरची बाजू घेतो.

चाणाक्ष वाचकाने एव्हाना बोटं मोजली असतील. जानेवारी नाही. १९९६ च्या तबकडीत तो नव्हताच. २०१० मध्ये ‘संपूर्ण आवृत्ती’ निघाली, तेव्हा जानेवारी त्यात आला. म्हणजे दोन्ही घेणं आलं. जुनी घेताना तिची ‘ओबी’ शाबूत आहे का ते बघावं. जपानी तबकडीच्या डाव्या कडेला गुंडाळलेली ही कागदाची पट्टी. तिच्यावर किंमत आणि जाहिरातीचा मजकूर असतो, आपल्याकडे जी माणसं पहिल्याच दिवशी फाडून फेकतात तीच ही. ती गेली की जुन्या बाजारात भाव उतरतो. जपानात नव्या तबकडीची किंमत कंपनी ठरवते आणि दुकानदाराला ती उतरवता येत नाही, म्हणून गरजू लोक बुकऑफसारख्या सेकंडहँड दुकानांत स्वस्ताच्या फळीपुढे उकिडवे बसलेले दिसतात. तुम्ही तिथे बसलेला नसाल तरी पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. ‘जानेवारी आल्याने अल्बम बिघडला’ हे मत दोन्ही आवृत्त्या असणाऱ्यालाच शोभतं.

यानंतर येतो सगळ्यात नाजूक टप्पा: हा अल्बम दुर्लक्षित आहे हे सिद्ध करणं. पुरावा प्रतिकूल आहे. अल्बम काढला किंग रेकॉर्ड्सने, कोदान्शा या बलाढ्य प्रकाशनसमूहातल्या कंपनीने. आपला ‘आलम आरा’ आला त्या १९३१ सालापासून ती चालू आहे. नव्वदच्या दशकात जपानी लोक तबकड्या इतक्या घेत (विक्रीचा कळस १९९८ चा) की मोठ्या कंपन्यांनाही असे घण घालणारे बँड परवडत. २००३ मध्ये नंबर गर्ल या बँडची गिटारवादक हिसाको ताबुची बुचर्समध्ये आली, म्हणजे देशभर नाव असलेली बाई. २०११ मध्ये ‘कोकोरोनो’ याच नावाचा माहितीपट आला. ज्या अल्बमची संपूर्ण आवृत्ती निघते आणि ज्याच्या नावाचा माहितीपट निघतो, त्याला दुर्लक्षित म्हणायचं तर दुर्लक्ष कोणाचं, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. उत्तर सोपं आहे: आपल्या हाउसिंग सोसायटीचं.

मे २०१३ मध्ये योशिमुरा अचानक गेला. पुढचा अल्बम ‘यूथ’ त्याच्या मागे, त्याच वर्षी आला, आणि २०१४ मध्ये बुचर्सच्या गौरवासाठी निघालेल्या अल्बमांत एवढे बँड गायला आले की एका तबकडीत मावेनात. ‘मीच शोधला’ म्हणणाऱ्याने ही एक गोष्ट विसरून चालत नाही. एवढी माणसं तिथे आधीपासून उभी होती.

खऱ्याच अज्ञात बँडचा हट्ट असेल तर मात्र पैसे खर्चून टोकियोतल्या शिमोकिताझावात जावं लागेल. शेल्टरसारख्या तळघरातल्या छोट्या सभागृहात दारातच तिकिटाबरोबर पेयाचेही पाचसहाशे येन घेतात. अनेक सभागृहांत नव्या बँडला ठरावीक तिकिटं खपवावी लागतात; खपली नाहीत तर फरक त्यांनीच भरायचा. याला तिथे ‘नोरुमा’ म्हणतात. आपल्या प्रायोगिक नाटकवाल्यांनी मावशी-आत्यांच्या गळ्यात तिकिटं मारावीत, तसाच प्रकार. तिथे आठ प्रेक्षकांपुढे वाजवून झाल्यावर घामाघूम गायक स्वतःच टेबलामागे उभा राहून घरी छापलेली तबकडी विकतो. ती घ्यावी. वाकून दोन्ही हातांनी घ्यावी. मात्र त्याला ‘तुम्ही इमो का?’ असं विचारू नये. पाया पक्का करताना हे सांगितलंच आहे.

राहता राहिला प्रसार. अल्बम एका वेळी एकालाच सांगावा, तोही अशा माणसाला की जो ऐकणार नाही. चुकून त्याने ऐकला आणि त्याला आवडला, त्याने तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, आणि लिफ्टमध्ये कोणी जुलै गुणगुणायला लागलं, की तुमच्यासाठी ‘कोकोरोनो’ संपला असं समजावं. घाबरू नये. याच बँडचा २०१० चा एक अल्बम आहे, त्याच्या नावातच ‘नो अल्बम’ असे शब्द आहेत. बुचर्सचं खरं काम तेच, असं लिफ्टमध्ये शांतपणे सांगावं. शोधायला गेलेला माणूस नावापाशीच अडकतो, आणि तुम्हाला पुढची निदान दोन वर्षं मिळतात.