मदतसदृश परिस्थिती निर्माण करण्याची पद्धत

आपत्तीच्या काळात समाजात दोन प्रकारच्या हालचाली सुरू होतात. पहिली मदत होय, म्हणजे ज्याचे जे गेले ते, किंवा त्याच्या जवळपासचे काही, त्याला परत मिळवून देणे. हे काम खर्चिक व वेळखाऊ असून ते नेटाने केल्यास नुकसान कोणामुळे झाले हा प्रश्न आपोआप उपस्थित होण्याचा धोका असतो. दुसरी हालचाल मदतसदृश परिस्थितीची होय. तिच्यात ट्रक, फलक, छायाचित्र, हळवे शब्द आणि आभारप्रदर्शन ही मदतीची सर्व बाह्य लक्षणे हजर असतात, कारणाचा उल्लेख तेवढा कटाक्षाने टाळलेला असतो. लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांनी गेल्या तीस-बत्तीस वर्षांत भूकंप, दुष्काळ, पूर आणि रुग्णालयातील मृत्यू अशी नाना प्रकारची सामग्री पुरवलेली असल्यामुळे या शास्त्राच्या अभ्यासकाने अन्यत्र भटकण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत मार्गदर्शन या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्या संस्था, वृत्तवाहिन्या आणि लोकप्रतिनिधी यांच्यासाठी आहे.

प्रथम आपत्तीचे नाव ठरवावे. नाव सौम्य असावे, आणि शक्यतो त्याला ‘सदृश’ हे पद जोडलेले असावे, कारण दुष्काळ जाहीर झाला की सवलती व जबाबदाऱ्या दारात येऊन उभ्या राहतात, दुष्काळसदृश परिस्थिती मात्र केवळ सहानुभूती मागते. २०१५-१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडून लातूरच्या नळांना कित्येक आठवडे पाणी नव्हते, तरी कागदोपत्री परिस्थिती दुष्काळासारखीच राहिली. अखेर मे २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण चालू असताना, शासनाने सुमारे २९ हजार गावांच्या बाबतीत हा ‘सारखेपणा’ काढून टाकला आणि सरळ दुष्काळ म्हटले. तोवर मृग तोंडावर आला होता, ही गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव आदी गावांत रात्रीतून पाणी शिरून माणसे दगावली, तेव्हाही हेच पद उपयोगी पडले. ढगफुटी म्हणजे साधारणपणे एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस लहानशा क्षेत्रावर कोसळणे. हे मोजून सिद्ध करावे लागते, ‘ढगफुटीसदृश’ मात्र मोजावे लागत नाही. शिवाय ढगाला पंचनाम्याला बोलावता येत नाही, आणि गावकरी लेंडी धरण प्रकल्पाच्या साठ्याकडे व रखडलेल्या पुनर्वसनाकडे बोट दाखवत असतील तर त्या बोटाच्या तुलनेत ढग हा फारच शालीन आरोपी ठरतो.

यानंतर आरोपी निवडण्याचा विषय येतो, आणि येथेच नवशिक्यांची सर्वाधिक फसगत होते. आरोपी दूरचा, श्रीमंत, परंतु आपल्याला जाहिरात न देणारा असावा. २०१६ च्या एप्रिलमध्ये आयपीएलचे क्रिकेट सामने या निकषांवर अतिशय उत्तम उतरले. सामन्यांच्या मैदानांवर एकूण सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल असा हिशेब मांडला गेला, सर्व वाहिन्यांवर संताप व्यक्त झाला, आणि उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. मुंबई-पुण्याच्या हिरवळीवर न पडलेले ते पाणी लातूरच्या एकाही घागरीत आले नाही, पण लोकांच्या मनाला थंडावा मिळाला. याच काळात ऊस हा शब्द जपून वापरावा लागतो. केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नोंदवून ठेवले आहे की, महाराष्ट्रातील लागवडीखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहूनही कमी जागा व्यापणारे हे पीक सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेते. आणि मांजरा खोरे तूर व सोयाबीनच्या बाजारपेठेइतकेच साखर कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु कारखान्याचा अध्यक्ष बहुधा मदतफेरीच्या व्यासपीठावरच बसलेला असतो, आणि यजमानाच्या ताटाकडे पाहून बोलणे मराठवाड्यात असभ्य मानले जाते. म्हणून क्रिकेटवर अग्रलेख लिहावा आणि उसाबद्दल ‘पीकपद्धतीचा फेरविचार’ असे म्हणून पुढे जावे. ठिबकाचा उल्लेख केल्यास अग्रलेख अभ्यासपूर्ण दिसतो.

छायाचित्राचे तंत्र स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८२ हजार होती, त्यामुळे त्या दिवशीचा वाटा माणशी जेमतेम सव्वा लिटर पडतो. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली आणि शहराला खरोखरच आधार मिळाला, हे नमूद केले पाहिजे. परंतु छायाचित्राच्या दृष्टीने पहिल्या दिवसाचे सव्वा लिटरच मोलाचे होते. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या व टँकर भरण्याच्या जागांभोवती पाचपेक्षा अधिक लोकांनी जमू नये म्हणून जमावबंदीचे कलम १४४ लागू झाले होते. सुदैवाने स्थानकावर गाडीच्या स्वागताला जमण्यास त्या आदेशाचा अडथळा नव्हता. महिन्याभराने रेल्वेने जिल्हा प्रशासनाला सुमारे ४ कोटी रुपयांचे देयक पाठवले, आणि प्रशासनानेच मागितल्यामुळे ते दिले असा खुलासाही केला. देयकाचे छायाचित्र कोणी फलकावर छापले नाही. अभ्यासकाने यातून असा बोध घ्यावा की, येणारे पाणी भेट असते आणि त्याचा हिशेब ही तांत्रिक बाब असते.

मंत्र्याने स्वतः चित्रात असावे की नसावे, याविषयी मतभेद आहेत. तत्कालीन ग्रामविकास व जलसंधारण मंत्री पंकजा मुंडे यांनी त्याच दुष्काळात मांजरा नदीवरील साई येथील कामाच्या पाहणीत काढलेली सेल्फी देशभर टीकेचा विषय झाली, आणि त्याच आठवड्यात तत्कालीन मंत्री एकनाथ खडसे यांच्या हेलिकॉप्टरसाठी बेलकुंड येथे हेलिपॅडवर १० हजार लिटर पाणी मारल्याची बातमी आली. सेल्फीत निदान पाणी दिसत होते, हेलिपॅडवर ते मुरून गेले. तरीही सेल्फीवरच चर्चा अधिक झाली, यावरून स्त्री मंत्र्याने हसू नये हा उपनियम सिद्ध होतो. पुरुष मंत्र्यांना गंभीर चेहऱ्याची सक्ती नसते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात शिवसेनेच्या मदतसाहित्यावर एकनाथ शिंदे व प्रताप सरनाईक यांची छायाचित्रे झळकली, तेव्हा फोटोपेक्षा आतले साहित्य पाहा असे उत्तर देण्यात आले. हे उत्तर तर्कशुद्ध आहे; तेच साहित्य बिनफोटोच्या पिशवीत तितकेच उपयोगी ठरले असते, एवढा एकच तर्क त्यात मांडायचा राहून गेला.

लाभार्थ्याची निवड करताना तो पुरेसा दुःखी आहे एवढ्यावर समाधान मानू नये, तो नियमात बसला पाहिजे. शेतकऱ्याने आत्महत्या केल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. कुटुंबाच्या नावे जमीन, मान्यताप्राप्त कर्ज आणि वसुलीचा तगादा हे सिद्ध झाल्यास १ लाख रुपये मिळतात, त्यांपैकी ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. बटाईने जमीन कसणारा, किंवा गावातल्याच माणसाकडून तोंडी व्यवहाराने पैसे उचललेला, या व्याख्येत मेल्यानंतरही शेतकरी होऊ शकत नाही. हीच दृष्टी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातही दिसते. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवताना भूमिहीन व १ हेक्टरपर्यंतच्या अल्पभूधारकास २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास ४०० आणि त्यावरील जमीनदारास ७५० चौरस फुटांचे घर देण्यात आले. माळवदाची जड दगडी घरे सर्वांवर कोसळली होती, पण नवे घर सातबारा पाहून उभे राहिले. दात्यांनी गावे दत्तक घेतली आणि पैसा आला जागतिक बँकेकडून, तरीही मापे गावातल्या उतरंडीचीच राहिली. समतेवर व्याख्याने देणाऱ्यांनाही त्यात फारसे वावगे दिसले नाही.

जातीच्या बाबतीत सौजन्याचे नियम विशेष कडक आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना ‘दलित’ शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ म्हणण्याची सूचना केली, आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. वस्तीची जागा गावकुसाबाहेरून हलवण्याचा विषय त्या ठरावात नव्हता. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात, आंबेडकर जयंती साजरी केल्याच्या रागातून बौद्ध तरुणाचा खून झाल्याची तक्रार नोंदवण्यात आली. अशा घटनेची बातमी देताना ‘दोन गटांतील वाद’ हे शब्द योजावेत. मारणारे कोण व मेलेला कोण हे त्यातून समजत नाही, आणि सामाजिक सलोखा टिकवल्याचे समाधान संपादकास मिळते. मृत्यूंची संख्या मोठी असल्यास ही युक्ती चालत नाही, तेथे दृश्य बदलावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत १२ नवजातांसह २४ रुग्ण दगावल्याचे उघड झाले. हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांना हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले, आणि पुढच्या चर्चेत औषधे, खाटा व परिचारिका यांच्याइतकीच, कित्येकदा जास्त, जागा त्या झाडूला मिळाली.

येथे सांगितलेल्या कृतींपैकी बहुतेकींना कोणत्याही परवान्याची गरज नाही. परंतु ज्या वाचकाला मदतसदृश नव्हे तर मदतच करायची असेल, त्याने पैसे देण्यापूर्वी संबंधित संस्थेला अपात्र ठरलेल्या कुटुंबांची यादी मागावी आणि देणगी त्या यादीकडे वळवावी.