माळ्यावरचे व्होल्टेज

आमच्या घरी एखादी वस्तू टाकायची ठरली की ती माळ्यावर टाकतात. श्रीखंडाचे रिकामे डबे, दोन मिळून एक चालती होईल या आशेवर ठेवलेल्या मोडक्या छत्र्या, आणि ज्यांची उपकरणं केव्हाच भंगारात गेली असे निदान सहा अ‍ॅडॉप्टर. ‘लागेल कधीतरी’ हे आईचं वाक्य. ती गेली, वाक्य राहिलं. अशा घरात वाढलेल्या माणसाने ‘काय काय साठवू?’ असं विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नये. मी लागलो.

निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी एनजी-स्पाइसमध्ये सर्किटं चालवून बघतो. हात भाजत नाही, ट्रान्झिस्टर जळत नाही, आणि जळला तरी वास येत नाही. त्या शनिवारी रात्री एक साधा अ‍ॅम्प्लिफायर मांडला होता: बीसी 547, 12 व्होल्टचा पुरवठा, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर. लाटा छान आल्या. मग वाटलं, कलेक्टरमधून करंट किती जातोय तेही बघावं. तो आपसूक मिळत नाही. हा प्रोग्रॅम आपणहून ठेवतो ते प्रत्येक जोडाचं व्होल्टेज आणि व्होल्टेज-सोर्समधला करंट, कारण समीकरणं सोडवताना अज्ञात म्हणून तेच धरलेले असतात. ट्रान्झिस्टरच्या पोटातलं हवं असेल तर तसं सांगावं लागतं. मी फाइलच्या तळाशी ‘डॉट सेव्ह’ लिहून पुढे कलेक्टर करंटचं नाव टाकलं. करंट दिसला, साधारण एक मिलिअँपिअर. समाधानाने झोपलो.

रविवारी सकाळी आउटपुटचं व्होल्टेज मागितलं, तर उत्तर आलं: ‘नो सच व्हेक्टर’. असं काही नाहीच म्हणे! काल रात्री होतं की.

पहिला संशय अर्थातच जमिनीवर. शून्य नंबरचा जोड नसला की स्पाइस रुसतं, पण तो जागेवर होता. मग वाटलं, साठवण उशिरा सुरू होत असेल. ट्रान्झिएंटच्या ओळीत तिसरा आकडा असतो, ‘इथून पुढचंच ठेव’ असं सांगणारा. दहा मिलिसेकंदांच्या खेळात तिथे आठ लिहिलं, तर पहिल्या आठांचं गणित इमानेइतबारे होतं, पण नोंद एकही राहत नाही. लग्नातल्या काही फोटोग्राफरांसारखं: सीमांतपूजनापासून हजर, जेवण दोनदा, कॅमेरा मात्र अक्षता पडताना सुरू. ही चूक पूर्वी एकदा करून झाली होती. या वेळी तो आकडाच नव्हता. मग घरच्या फोल्डरमध्ये लपून बसणारी ‘डॉट स्पाइस-इनिट’ फाइल उघडली. तिच्यात आलेखाची पार्श्वभूमी पांढरी करणारी, माझीच एक ओळ निघाली. निरपराध.

शेवटी भाचीला फोन लावला. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या कॉलेजात ई-सिम वापरतात. ते पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं, आणि त्याच्या पोटात गणिताला एनजी-स्पाइसच.

“मामा, फाइल पाठव.”

पाठवली. दोन मिनिटांत फोन.

“शेवटची ओळ कुणी लिहिली?”

“मी.”

“मग तू सांगितलंस तेवढंच ठेवलंय त्याने. एकदा नाव घेतलंस की बाकी सगळं रद्द. नावाआधी ‘ऑल’ लिही.”

मला वाटलं होतं, नेहमीचं असेलच, वर हेही दे. आपल्याकडे ‘येताना कोथिंबीर आण’ म्हटलं म्हणून कुणी दूध आणायचं सोडत नाही. पण हा गडी बर्कलीचा. 1973 साली लॉरेन्स नेगलने प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली स्पाइस उभं केलं, तेव्हा सर्किटची एकेक ओळ म्हणजे छिद्रं पाडलेलं एकेक कार्ड असे. जुनी मंडळी नेटलिस्टला, म्हणजे सर्किटच्या फाइलला, अजून ‘डेक’, म्हणजे गड्डी म्हणतात, आणि गड्डीतलं पहिलं पान आजही शीर्षकाचंच. तिथे रेझिस्टर लिहिलात तर तो नाव होऊन बसतो, सर्किटमध्ये उतरत नाही. अशा घराण्यातल्याने अध्याहृत काही समजून घ्यावं, ही अपेक्षाच चुकीची. शिवाय त्याची बाजूही खरी आहे. चाळीस नोंदी, दहा लाख वेळबिंदू, प्रत्येक आकड्याला 8 बाइट: झाले 320 मेगाबाइट, एका खेपेचे. माझ्या लॅपटॉपवर तशा खेपांचा वेगळा माळाच आहे.

‘ऑल’ लिहिलं. सगळे जोड परत आले, आउटपुटच्या दहा लाटा ओळीने उभ्या राहिल्या, शेजारी कलेक्टर करंटही. करंटचं काम तसं कालच संपलं होतं, म्हणून ती ओळ पुसायला घेतली. बॅकस्पेसवर बोट ठेवलं आणि थांबलो. स्पाइसमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक फुली-तारा ठेवला की ती ओळ नुसती शेरा होऊन पडून राहते, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तारा ठेवला. लागेल कधीतरी.