नजर गहाण टाकलेली नाही

जाहिरात बघायची की नाही, हे बघणाऱ्यानं ठरवायचं. वाहिनीनं नाही, कंपनीनं नाही आणि ॲपमध्ये दडलेल्या सॉफ्टवेअरनंही नाही. इतकी साधी गोष्ट आज ठणकावून सांगावी लागते, कारण रिमोट आपल्या हातात असला तरी त्यावरची बटणं एकेक करून निकामी केली जात आहेत.

आधी कायदा काय सांगतो ते बघू. केबल टेलिव्हिजनच्या १९९४च्या नियमावलीतला सातवा नियम जाहिरातींचा आहे. तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिराती. त्यातली दहा मिनिटं मालाची, दोन मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. त्याच नियमात आणखी दोन कलमं आहेत. जाहिरातीचं चित्र आणि आवाज अंगावर येणारा नको. आणि जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू यायला हवी. पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकती पट्टी टाकून कार्यक्रमात लुडबुड चालणार नाही. आज रात्री टीव्ही लावा, घड्याळ समोर ठेवा आणि यातलं काय काय पाळलं जातं ते स्वतः मोजा.

हा नियम कागदावरच राहतोय, हे लक्षात आल्यावर २०१२ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, त्यासाठी वेगळे विनियम काढले. २०१३ साली ते पक्के केले: घड्याळाच्या प्रत्येक तासात बाराच मिनिटं, सरासरी काढायची पळवाट नाही. वाहिन्या कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सक्तीची कारवाई थांबवली आणि पुढे ते प्रकरण वर्षानुवर्षं लांबत राहिलं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं शाळा संपवून बाहेर पडली, तरी प्रेक्षकाला त्याची बारा मिनिटांची मर्यादा काही मिळाली नाही.

क्रिकेटचा सामना घ्या. षटकाचा सहावा चेंडू यष्टीरक्षकाच्या हातात स्थिरावतो न स्थिरावतो तोच जाहिरात. पण खेळ तिथे थांबलेला नसतो. कर्णधार फाइन लेगला आत बोलावत असतो, नव्या गोलंदाजाला स्लिप हवी की नको यावर दोघांचं बोलणं चाललेलं असतं, फलंदाज खेळपट्टीच्या मधोमध येऊन कुणाला कसं खेळायचं ते ठरवत असतात. पुढच्या षटकाचा सगळा डाव त्या मिनिटात रचला जातो आणि आपण तो बघत नाही. विकेट पडली की तेच. बाद झालेला फलंदाज परत जाताना मोठ्या पडद्यावर आपलीच चूक पुन्हा बघतो, मान हलवतो. नव्यानं येणारा त्याला ओलांडताना काही विचारतो. आपल्याला त्या जागी बनियन दिसतं, सिमेंट दिसतं. परत येतो तेव्हा गोलंदाज धावत सुटलेला असतो. एवढ्यानंही भागत नाही. खेळ चालू असताना चित्र आक्रसून एका कोपऱ्यात सरकतं आणि डावीकडून व खालून जाहिरात त्याला वेढा घालते. सातवा नियम नेमकं हेच करू नका म्हणतो.

मालिकांचं वेगळं सांगायला नको. दार उघडतं, सून वळते, संगीत चढतं आणि ब्रेक. ब्रेकनंतर तेच दार पुन्हा उघडतं, तीच सून पुन्हा वळते. अर्ध्या तासातून जाहिराती, ‘काल काय झालं’, ‘उद्या काय होईल’ आणि हे दुसऱ्यांदा उघडणारं दार वजा करा. उरते तेवढीच गोष्ट. लेखक, दिग्दर्शक, कलाकार बारा-बारा तास राबतात. त्यांच्या कामाचे असे तुकडे पाडणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

आता पैशांचं बोलू. टीव्ही फुकट आहे, म्हणून जाहिराती सोसा, हा जुना युक्तिवाद. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ रोजी जाहिराती सुरू झाल्या तेव्हा तो एक वेळ पटण्यासारखा होता. आज डीडी फ्री डिशवाल्या घरांसाठी त्यात थोडं तथ्य आहे. पण केबल किंवा डिशचं रिचार्ज करणाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगता? २०१२च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मग टप्प्याटप्प्यानं बाकीच्या गावांत. एकदा डिजिटल झालं की ग्राहकांचा पैसा वाहिन्यांपर्यंत नीट पोचेल आणि जाहिरातींवरची भिस्त कमी होईल, ही तेव्हाची आशा. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दररचना आली: पहिल्या शंभर वाहिन्यांपोटी १३० रुपयांपर्यंत, त्यावर कर, शिवाय प्रत्येक सशुल्क वाहिनीची वेगळी किंमत. बॉक्सचे पैसे आपण भरले, दरमहा वाहिनीचेही भरतो, विजेचं बिलही आपलंच. जाहिराती मात्र होत्या तिथेच आहेत. एकाच मालाची किंमत एकदा पैशात आणि एकदा वेळात वसूल होतेय. दुसऱ्या वसुलीला नकार देणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

हा नकार म्हणजे चोरी, असं म्हणणारे निघालेच. २००२ साली अमेरिकेत टर्नर ब्रॉडकास्टिंगचे प्रमुख जेमी केलनर यांनी तसं उघड म्हटलं होतं: कार्यक्रम बघता तेव्हा जाहिराती बघायचा करारच तुम्ही केलेला असतो, त्या वगळणं ही चोरी. स्वच्छतागृहात जाण्यापुरती थोडी सूट द्यायला ते तयार होते. कसला करार? कुणी केला, सही कुणाची? करार आहे तो वाहिनी आणि जाहिरातदार यांच्यात. त्यात विकला जातो तो आपला वेळ, आणि सौद्याच्या टेबलावर आपल्याला खुर्ची नाही. ज्या करारावर माझी सही नाही, तो मोडल्याचा आरोप माझ्यावर कसा येतो?

वर्तमानपत्रात पहिलं पान भरून जाहिरात येते. आपण ते पान उलटतो. संपादक घरी येऊन आपला हात धरत नाही. जाहिरातदारानं जागा विकत घेतलेली असते, वाचकाचे डोळे नव्हे. टीव्हीलाही हाच न्याय लागू आहे.

जाहिरात टाळण्याची इच्छा टीव्हीइतकीच जुनी आहे. १९५५ साली झेनिथ कंपनीनं बिनतारी रिमोट काढला, फ्लॅश-मॅटिक. यूजीन पॉली या अभियंत्यानं तो बनवला. कंपनीच्या प्रमुखाला जाहिरातींचा तिटकारा होता, आणि चित्र तसंच ठेवून कंटाळवाण्या जाहिरातींचा आवाज बंद करता येईल, हेच सांगून तो विकला गेला. म्हणजे म्यूटचं बटण रिमोटवर चुकून आलेलं नाही, जाहिरातीसाठीच आलंय.

मग व्हीसीआर आला आणि हॉलिवूडच्या स्टुडिओंनी तो बनवणाऱ्या सोनीला कोर्टात खेचलं. लोक कार्यक्रम टेप करतील, जाहिराती पुढे पळवतील, ही त्यांची एक मोठी भीती होती. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: घरी सोयीच्या वेळी बघण्यासाठी कार्यक्रम टेप करणं रास्त आहे. एका मताचा फरक होता. एक न्यायमूर्ती दुसऱ्या बाजूला गेले असते तर घरात टेप करणंही बेकायदा ठरलं असतं. जर्मनीत जाहिरात लागताच आपोआप वाहिनी बदलणारं उपकरण निघालं. त्याविरुद्धची लढाई वाहिनी २००४ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयात हरली. २०१२ मध्ये अमेरिकेत डिश नेटवर्कनं रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमांतल्या जाहिराती आपोआप गाळणारी सोय दिली, तेव्हा फॉक्स ही वाहिनी कोर्टात धावली. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयानं सोय थांबवायला नकार दिला आणि मुद्द्याची गोष्ट सांगितली: फॉक्सची मालकी कार्यक्रमांवर आहे, जाहिरातींवर नाही, त्यामुळे प्रेक्षकानं जाहिरात गाळली तर फॉक्सच्या स्वामित्वहक्काला धक्का लागत नाही.

आपल्याकडेही पाया भक्कम आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन महत्त्वाचे निकाल दिले. एकात, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच उभ्या राहिलेल्या खटल्यात, सांगितलं की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. दुसऱ्यात, टाटा प्रेसच्या खटल्यात, जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे असं म्हटलं. दुसरा निकाल वाहिन्यांच्या बाजूचा, आणि मला तो मान्य आहे. जाहिरात करायचा हक्क त्यांना आहेच. पण २००५ साली ध्वनिप्रदूषणाच्या निकालात त्याच न्यायालयानं पुढचं वाक्य पुरं केलं: एकाला बोलण्याचा हक्क असेल तर दुसऱ्याला ऐकण्याचा किंवा न ऐकण्याचाही आहे, सक्तीनं कुणाला ऐकायला लावता येणार नाही. चौकातल्या लाउडस्पीकरला जे लागू, ते दिवाणखान्यातल्या स्पीकरला का नाही? उलट घराच्या चार भिंतींत तो हक्क जास्त घट्ट असायला हवा.

नवा पेच ऑनलाइन पडद्यावर आहे. केबलवर निदान वाहिनी बदलता येते. ॲपमध्ये जाहिरात लागली की पुढे सरकवायची रेघ गोठते, बटण दाबलं तरी हलत नाही, कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जातात. मागे जाऊन एखादा संवाद पुन्हा ऐकायचा म्हटलं तर जाहिरात पुन्हा. जाहिरातमुक्त म्हणून ज्या सेवा घराघरांत शिरल्या, त्यांनीच आता जाहिरातमुक्तीची वेगळी किंमत लावली आहे. प्राइम व्हिडिओनं जून २०२५ मध्ये भारतात जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये जादा मागितले. आधीची वर्गणी भरलेल्या ग्राहकाकडून, आधी मिळत असलेल्याच गोष्टीसाठी. हा व्यापार नाही, ही अडवणूक आहे.

मग वाहिन्यांनी जगायचं कशावर, हा प्रश्न खरा आहे. मराठी वाहिन्यांचा बाजार हिंदीपेक्षा लहान आहे, बातम्यांच्या वाहिन्या जाहिरातींवरच उभ्या आहेत, आणि त्या बंद पडाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. पण टाळायची मुभा दिली की धंदा बुडतो, हे खरं नाही. यूट्यूबनं २०१० साली पाच सेकंदांनंतर जाहिरात वगळायचं बटण दिलं. जाहिरात अर्धं मिनिट किंवा पूर्ण बघितली गेली तरच जाहिरातदाराकडून पैसे घ्यायचे, अशी ती पद्धत होती. त्यावर मोठा धंदा उभा राहिला. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्या कानाशी ओरडण्यात जाहिरातदाराचाही पैसा वायाच जातो.

आणि चांगली जाहिरात लोक टाळत नाहीत. फेविकॉलची जाहिरात लागली की घरातली माणसं एकमेकांना हाका मारायची. क्रिकेटच्या मैदानात नाचत शिरलेली कॅडबरीची मुलगी, ‘हमारा बजाज’च्या त्या स्कूटर, पिढी उलटली तरी लोकांना आठवतात. त्या जाहिरातींनी आपली नजर कमावली होती. आज एकाच षटकानंतर एकच जाहिरात दोनदा दाखवून जी मिळवली जाते, ती नजर नव्हे, चीड आहे.

शेवटचा मुद्दा मुलांचा, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठा. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. तोंडाच्या कर्करोगानं घरं उद्ध्वस्त झालेली बघून राज्यानं तो निर्णय घेतला. तरी सामना लागला की तीच नावं, तेच रंग, तीच अक्षरं ‘वेलची’ म्हणून घरात येतात आणि चित्रपटांतले मोठे नट ती ऐटीत तोंडात टाकतात. शेजारी दहा वर्षांचा मुलगा डोळे विस्फारून बघत असतो. जे दुकानात विकायला बंदी, त्याचं नाव माझ्या मुलाच्या डोक्यात पेरायला परवानगी? बापाच्या बोटाखालचं स्किप बटण तिथे चैन नाही, संरक्षण आहे.

म्हणून मागण्या तीन, आणि तिन्ही साध्या. तासाला बारा मिनिटांचा नियम आहे, तो अमलात आणा. कोर्टातलं प्रकरण तडीला न्यायची जबाबदारी सरकारची आणि ट्रायची आहे. रेकॉर्ड केलेला कार्यक्रम असो वा ॲपवरचा, पैसे भरलेल्या ग्राहकाचं पुढे सरकवायचं बटण बंद करायला मनाई करा. आणि ‘जाहिरातमुक्त’ म्हणून वर्गणी घेतली असेल तर ती मुदत संपेपर्यंत शब्द पाळायला लावा.

हे आपोआप होणार नाही. ट्राय कुठलाही मोठा बदल करण्याआधी मसुदा जाहीर करून सूचना मागवतं. त्यावर वाहिन्यांची, केबल कंपन्यांची पानंच्या पानं उत्तरं जातात. दरमहा रिचार्ज करणाऱ्या माणसाचं पत्र तिथे पोचायला हवं. पुढचा मसुदा निघेल तेव्हा एक पत्र माझं असेल. तुमचंही जाऊ द्या.